तिसऱ्या घंटेनंतरची शांतता

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर दहा बाय बाराची एक खोली आहे. भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ओळीनं चिकटवलेले, खिडकीवर जाड ब्लँकेट टांगलेलं, म्हणजे बाहेरचा आवाज आत यायला नको. उजवीकडे टेबल. टेबलावर दोन कॉम्प्युटर, एक म्हातारा आणि एक कोवळा. म्हाताऱ्याचा पंखा धापा टाकतोय, कोवळा गप्प आहे. तीन खुर्च्या, तिन्ही तीन घरांतून आलेल्या. रविवार, सकाळचे साडेदहा. एका खुर्चीत भाची, कीबोर्डवर बोटं ठेवून. दुसरीत मी, पर्स मांडीवर घेऊन, नाटकातली बिनकामाची शेजारीण असते तशी. तिसरी खुर्ची रिकामी, कारण तिचा मालक उभा आहे. महत्त्वाच्या क्षणी तो पन्नास वर्षं उभाच राहत आला. डावा हात कानामागे, उजव्या हाताचं एक बोट वर. ते बोट खाली आलं की आवाज सुरू, हा आमच्या नाटक कंपनीचा कायदा होता.

बोट खाली आलं. भाचीनं बटण दाबलं. स्क्रीनवर एक ओळ उमटली.

"मामा," ती म्हणाली, "उघडत नाही."

इथं जरा थांबते. हा माणूस कोण, आणि काय उघडत नव्हतं, ते कळल्याशिवाय पुढचा प्रवेश पाहण्यात अर्थ नाही.

आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. त्याला दुसरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या वेळी निघायचं. आमच्या नाटकांचा आवाज तो सांभाळायचा. दारावरची थाप, लांबून येणारी आगगाडी, वारा, पाऊस, कुत्र्याचं भुंकणं, सगळं विंगेतल्या त्याच्या टेबलावरून यायचं. मी नाटकात काम करणारी बाई. माझ्या चेहऱ्याला टाळ्या मिळाल्या तशा त्याच्या वाऱ्याला कधी मिळाल्या नाहीत. पण तो वारा नसता तर माझ्या अंगावरचा शहारा खोटा पडला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मी ते तेव्हा त्याला सांगितलं नाही.

एकदा मात्र त्याचं चुकलं. तिसऱ्या अंकात मी मरत होते. मरणं हा माझा हातखंडा, साडेतीनशे प्रयोग मी त्या एका खाटेवर मेले आहे. माझे डोळे मिटले की बाहेर वारा सुटायचा, असं ठरलेलं. पण दिग्दर्शकानं आदल्या आठवड्यात काही बदल केले होते, आणि कानसेनकडे एकाच नाटकाच्या दोन टेपा झाल्या होत्या. जुनी वाजली. मी डोळे मिटले आणि बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "चला, गाडी आली न्यायला."

सगळं नाट्यगृह हसलं. मेलेल्या बाईला हसू आवरणं किती कठीण असतं, ते मेल्याशिवाय कळायचं नाही. माझं पोट हलताना पहिल्या तीन रांगांनी पाहिलं. पडदा पडल्यावर मी विंगेत गेले तर कानसेन जुन्या टेपेची फीत कात्रीनं बारीक बारीक कापत होता, शेवया पडाव्यात तशी.

"अहो, होतं असं कधी," मी म्हणाले.

"बाई, परत होणार नाही. आजपासून एक नाटक, एक टेप. दोन ठेवल्या की नको ती वाजते."

हा नियम त्यानं जन्मभर पाळला. टेपा जाऊन कॉम्प्युटर आले तरी पाळला. कुठलंही रेकॉर्डिंग तो आधी स्वच्छ करायचा. स्वच्छ हा त्याचा शब्द. मागची खरखर काढायची, पुढचं-मागचं फालतू कापायचं, आणि जुन्याच्या जागी नवं ठेवायचं. जुनं ठेवायचं नाही. घरात दोन बायका आणि टेबलावर दोन टेपा, दोन्ही सारखंच, असं म्हणायचा. त्याच्या घरात एकही नव्हती, म्हणून त्याला असं बोलायला कोणाची भीती नव्हती.

नाट्यगृह बंद झालं त्या दिवशी प्रयोग नव्हता. आम्ही दोघंच होतो. त्यानं स्वतः जाऊन पहिली, दुसरी, तिसरी घंटा दिली, दिवे मालवले, पडदा पाडलेला ठेवला आणि त्या रिकाम्या प्रेक्षागृहाचं चार मिनिटं रेकॉर्डिंग केलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि श्वास बेतानं घ्यायला सांगितलं होतं.

"काय ऐकू येणार आहे त्यात?" मी नंतर विचारलं.

"तिसऱ्या घंटेनंतरची शांतता. ही दुसरीकडे कुठं मिळते?"

घरी जाऊन त्यानं मला ती हेडफोनवर ऐकवली. छतातल्या पंख्यांची गुणगुण, लांब कुठंतरी नळाचं थेंब थेंब, आणि मध्येच एक खुर्ची करकरते. ती माझी. मी ओशाळले. तो म्हणाला, "असू दे. तुम्ही आहात त्यात." ते एक रेकॉर्डिंग त्यानं स्वच्छ न करता तसंच ठेवलं.

पुढं त्याची बहीण आजारी पडली, न उतरणाऱ्या दुखण्यानं. इस्पितळाच्या शेवटच्या मजल्यावर एक वॉर्ड असतो, जिथून माणसं सहसा घरी जात नाहीत, तिथं ती होती. लेकीला काही सांगायचं होतं, पण लेक समोर आली की दोघी फक्त रडायच्या. म्हणून कानसेन त्याचा छोटा रेकॉर्डर घेऊन गेला. बहीण बोलली. ती लेक म्हणजे ही भाची. आई गेल्यावर महिन्यानं त्यानं तिला ते रेकॉर्डिंग दिलं. ती अजून दर वर्षी एकदा ऐकते. काय आहे ते मी विचारलेलं नाही.

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं ते पाहिलं होतं. तो म्हणाला, माझंही घ्या. मग सिस्टर सांगायला लागल्या, अमक्या नंबरच्या खाटेला तुम्हाला भेटायचंय. असं करत सात-आठ वर्षं तो त्या वॉर्डात जात राहिला. कोणी बायकोसाठी बोललं, कोणी अबोला धरलेल्या भावासाठी, एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या कुत्र्यासाठी. एका जाड वहीत तो लिहून ठेवायचा: कोणाचा आवाज, कोणासाठी, कधी द्यायचा. त्या तारखेच्या आधी नाही आणि दुसऱ्याच्या हातात नाही.

एकदा घोटाळा झाला. एका पेशंटचा मेहुणा, कानसेन घरी नसताना, शेजाऱ्याकडून किल्ली घेऊन खोलीत आला आणि बहिणीसाठी ठेवलेलं बोलणं आधी स्वतः ऐकून गेला. त्या घरात पुढं जे व्हायचं ते झालं. कानसेन आठवडाभर जेवला नाही. तेव्हा भाचीनं त्याच्या कॉम्प्युटरवर कुलूप बसवून दिलं. ती एका कचेरीत कॉम्प्युटरच सांभाळते. तिनं एक सॉफ्टवेअर घातलं, त्यानं डिस्कवर एक तिजोरी तयार झाली, आणि सगळे आवाज त्या तिजोरीत गेले. बाहेरून पाहिलं तर नुसता कचरा, अक्षर न अक्षर विस्कटलेलं. उघडायला पासवर्ड लागायचा, आणि शिवाय किल्ली म्हणून एक फाइल.

"कुठलीही फाइल चालेल, मामा. फोटो, गाणं, काहीही. ती जवळ असेल तरच कुलूप उघडेल. फक्त तिच्यात कधी बदल करायचा नाही."

त्यानं किल्ली म्हणून ती शांतता निवडली. "शांतता कोण चोरणार?" तो म्हणाला. भाचीनं तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून दिली, तेव्हा त्याच्या कपाळावर आठी पडली होती. मी होते तिथं.

त्याला बारा वर्षं झाली. आवाज एक एक करून मालकांकडे गेले. नऊ उरले.

तर त्या रविवारी काय चाललं होतं, ते आता कळेल. ते कुलूप जुनं झालं होतं. करणाऱ्यांनी दुकान कधीच बंद केलं होतं, आणि त्याच्या जागी आलेलं नवं सॉफ्टवेअर आता जुनी कुलपं ओळखायलाही तयार नव्हतं. म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा भरवसा नव्हता. भाचीचं म्हणणं, तो जिवंत आहे तोवर बिऱ्हाड हलवू या. जुनी तिजोरी एकदा उघडायची, नऊ आवाज बाहेर काढायचे, आणि नव्या कॉम्प्युटरवरच्या नव्या तिजोरीत ठेवायचे. तासाभराचं काम.

घाईला कारणही होतं. वहीत पुढच्या रविवारची तारीख होती. सोळा वर्षांपूर्वी एक बाई त्या वॉर्डात अकरा मिनिटं बोलली होती. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. "ती वीस वर्षांची झाली की द्या," बाईनं सांगितलं होतं. त्या मुलीला तिच्या मावशीनं हे लहानपणीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे ती सोळा वर्षं वाट पाहत होती. तिचा फोन येऊन गेला होता: मी येते, अकरा वाजता.

आता पुन्हा पडदा वर घ्या. भाची म्हणाली, "मामा, उघडत नाही."

"पासवर्ड चुकला असेल तुझा."

"तुमचा आहे तो. तुम्हीच घाला."

त्यानं घातला. एका बोटानं, सावकाश. पुन्हा तीच ओळ. तीन वेळा झालं, पाच वेळा झालं. भाचीनं फाइल पुन्हा निवडली. पेनड्राइव्हवरची लावून पाहिली. मग ती फाइलच्या नावावर काहीतरी दाबून बारीक अक्षरं वाचायला लागली. आकार तोच होता. चार मिनिटं तीच होती. खाली तारीख होती.

"मामा, ही फाइल गेल्या वर्षी बदलली आहे."

"छे. मी कशाला बदलू?"

"तारीख आहे ना."

तो वाकून तारीख बघत राहिला. "बदलली नाही," तो म्हणाला, "स्वच्छ केली."

मला काही कळलं नाही. भाचीला कळलं. तिनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

गेल्या वर्षी कानसेनच्या कानाला यंत्र लागलं होतं. तोवर पुष्कळ थट्टा करून झाली होती आमची. मी म्हणाले होते, आता तुम्हाला नुसतं सेन म्हणावं लागणार. तो हसला होता. पण यंत्र लावल्यापासून त्याला सगळ्यात एक बारीक सूं ऐकू यायला लागली. घरात, रस्त्यावर, जुन्या नाटकांच्या रेकॉर्डिंगमध्ये, सगळीकडे. त्याला वाटलं, रेकॉर्डिंग खराब झाली. म्हणून महिनाभर बसून त्यानं एक एक करून सगळी साफ केली. शांतताही केली. त्या चार मिनिटांतली सूं काढली, जी त्यात नव्हतीच, त्याच्या कानातल्या यंत्रात होती. आणि तिच्याबरोबर पंख्यांची गुणगुण गेली. मग नियमाप्रमाणे जुन्याच्या जागी नवी ठेवली. आणि दोन टेपा नकोत म्हणून पेनड्राइव्हवरही तीच घातली. त्यानंतर तिजोरी उघडायची वेळच आली नव्हती.

"तुला सांगितलं होतं ना मी, बदल करायचा नाही," भाची म्हणाली. आवाज चढवून नाही. तिला कळवळा आला की ती मामाला अरे-तुरे करते.

"अगं पण आतलं तेच आहे. शांतता तीच आहे." तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमची खुर्चीसुद्धा ठेवली आहे मी त्यात."

भाचीनं त्याला समजावलं, आणि मी पुढं बसून ऐकलं म्हणून मलाही समजलं. किल्लीचा एक दाता कणभर घासला तरी ती किल्ली राहत नाही. कुलपाला गाणं ऐकू येत नाही, शांतताही नाही. त्याला फक्त आकडे दिसतात, आणि आता त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा होता. हे कुलूप फोडणारा लोहार जगात नाही, म्हणून तर ते लावलं होतं.

"मग पुन्हा रेकॉर्ड करू या," मी म्हणाले. बिनकामाच्या शेजारणीला एखादं वाक्य लागतंच. नाट्यगृहाच्या जागी आता गाड्या उभ्या करण्याची चार मजली इमारत आहे हे मला माहीत होतं, तरी बोलले.

"मावशी," भाची म्हणाली, "नाट्यगृह असतं तरी तीच शांतता पुन्हा मिळाली नसती."

कानसेन तिसऱ्या खुर्चीत बसला. महत्त्वाच्या क्षणी त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

भाचीनं तो आठवडा रजा काढली. पुसल्या गेलेल्या फायली शोधणारी सॉफ्टवेअर असतात, ती तिनं म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालवली, पेनड्राइव्हवर चालवली. जुन्या शांततेचा मधलाच एक तुकडा सापडला, सव्वा मिनिटाचा, आणि तोही फाटका. रेकॉर्डरचं मूळ कार्ड त्यानं केव्हाच पुसून पुन्हा वापरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ती मला फोनवर म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे. त्याला नियम सांगताना मी बदल म्हणाले. त्याच्या डिक्शनरीत स्वच्छ करणं म्हणजे बदल नव्हेच. मला हे कळायला हवं होतं." मी म्हणाले, चूक कोणाची आहे त्यावर आपण नंतर भांडू, आधी रविवारचं बघू.

आणि रविवारचं बघायला म्हणून मी शनिवारी दुपारी एकटी त्याच्याकडे गेले.

माझी बुद्धी नाटकात वाढली, त्यामुळे तिला नाटकच सुचतं. मी म्हटलं, "कानसेन, ती पोर चार वर्षांची होती. आईचा आवाज तिला कुठला आठवतोय? मला सांगा ती बाई कशी बोलायची. दमलेली, वीस मिनिटांपूर्वी औषध घेतलेली. मी बोलते. अकरा मिनिटं नको, दोन मिनिटं. बाकीचं खराब झालं म्हणू."

 तो उठला, खिडकीवरचं ब्लँकेट सारखं केलं, माईक माझ्यासमोर ठेवला आणि बोट वर केलं.

बोट खाली आलं आणि मी बोलले. तेवीस वर्षांनी माईकसमोर. मी त्या मुलीला सांगितलं की तुझ्या जन्माच्या वेळी किती उकडत होतं. सांगितलं की मी तुझ्या केसांचा वास घेऊन झोपते. एका ठिकाणी आवाज मोडला, तो मी मोडला नव्हता, आपोआप मोडला. कुठल्याही प्रयोगात मी इतकं चांगलं काम केलेलं नाही.

त्यानं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि हेडफोन लावून, आवाज शेवटपर्यंत वाढवून ते ऐकलं. मला हेडफोनबाहेरसुद्धा ऐकू येत होतं.

"बाई, उत्तम झालं."

"मग?"

"म्हणूनच नको. ती बाई इतकं चांगलं बोलली नव्हती."

आणि त्यानं ते पुसलं. माझ्यासमोर. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. नटीचं सगळ्यात चांगलं काम कोणी न पाहता पुसलं जातं तेव्हा काय होतं, ते दुसऱ्या नटीलाच विचारा. पण जिना उतरताना माझा राग उतरला. ज्या माणसानं मला साडेतीनशे वेळा खोटा वारा दिला, तोच आता म्हणत होता की इथं खोटं चालणार नाही.

रविवारी ती मुलगी अकराच्या ठोक्याला आली. उंच, कपाळावर घाम, पाठीला सॅक. सॅकमधून तिनं नवे कोरे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ते पाहून भाची पाणी आणायला म्हणून आत गेली ती लवकर आलीच नाही.

कानसेननं तिला सगळं सांगितलं. उभं राहून. यंत्राचं सांगितलं, सूंचं सांगितलं, एका टेपेच्या नियमाचं सांगितलं. कोणावर ढकललं नाही. मुलगी हेडफोनच्या वायरीला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"एक कॉपी ठेवता आली नाही तुम्हाला?"

"नाही ठेवली."

"फोनमध्ये लोक जेवणाच्या ताटांचे दहा-दहा फोटो ठेवतात हो."

मुलीनं वायरीची गाठ सोडली.

"काय म्हणाली ती, ते तरी सांगा. तुम्ही होता ना तिथं? कानाला हेडफोन लावले होते ना?"

"लावले होते. पण बाळ, खरं सांगतो. मी शब्द ऐकत नाही. शब्द कानात शिरले की मागची गुणगुण निसटते. आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. मी आवाज ऐकत होतो."

"मग आवाज सांगा."

तेव्हा तो बसला. डोळे मिटले. सोळा वर्षांपूर्वीची अकरा मिनिटं तो शोधत होता, आणि ती त्याला सापडत होती हे मला त्याच्या बोटांवरून दिसलं. मांडीवर ती बारीक बारीक हलत होती, आवाजाची बटणं कमी-जास्त करावीत तशी.

"तीनदा सुरुवात केली," तो म्हणाला. "दोनदा तुझं नाव घेऊन थांबली. तिसऱ्यांदा हसली आणि मग चालू झाली. आवाज खालचा. मधे पाणी प्यायली, पेला खाली ठेवताना खाटेच्या लोखंडाला लागला. आठव्या मिनिटाला खोकला आला, तो मी काढणार होतो, पण तिनं खोकल्यानंतर तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि दुसऱ्यांदा जास्त चांगलं म्हटलं, म्हणून मी दोन्ही ठेवली. शेवटी काहीतरी गुणगुणली. गाणं नव्हे. अर्धी ओळ, सूर सोडून."

"बेसूर होती?"

"साफ बेसूर."

मुलगी हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदमच.

"आणि एक वाक्य मला आठवतं, कारण ते माझ्याशी बोलली. झाल्यावर. म्हणाली, आलं का हो नीट?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, अगदी स्वच्छ आलं."

 म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा पंखा तेवढा चालू होता. मग तो म्हणाला, "तू फोनवर हॅलो म्हणालीस ना, तेव्हा मी दचकलो होतो. शब्द संपताना तुझा आवाज जरा खाली बसतो. तिचाही बसायचा. तेवढं माझ्याकडे नाही, तुझ्याकडेच आहे."

मुलीनं हेडफोन सॅकमध्ये टाकले. चहा घेतला नाही. दाराशी म्हणाली, "मला तुमच्यावर खूप रागवायचंय, पण आज जमत नाहीये. नंतर कधीतरी येऊन रागवेन." आणि गेली. तिच्या चपला जिन्यावर वाजत होत्या तोवर कानसेन कान देऊन उभा होता.

राहिलेल्या आठ जणांना त्यानं स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. प्रत्येकाला तेच सगळं, आणि शेवटी त्या आवाजाबद्दल त्याला जे आठवत होतं ते. कोणाच्या पत्रात चार ओळी होत्या, कोणाच्या दोन. दोघांची उत्तरं आली. त्यातलं एक त्यानं मला दाखवलं नाही.

मग तो हळूहळू कमी होत गेला. छाती भरायची, जिना चढवेना. भाचीनं नव्या कॉम्प्युटरवर नवी तिजोरी करून ठेवली होती, रिकामी. त्यानं तिच्यात काही ठेवलं नाही. यंत्र लावायचंही त्यानं सोडलं. म्हणाला, "जे येतं ते पुरे." आम्ही मोठ्यानं बोलायचो, तो ओठ बघायचा. मी त्याला म्हणाले, आता खरी माझी कदर होईल तुम्हाला, आता नुसता अभिनय बघावा लागणार. त्यावर त्यानं माझ्या हातावर थोपटलं.

हिवाळ्यात त्याला त्याच इस्पितळात, त्याच शेवटच्या मजल्यावर नेलं. एक जुन्या सिस्टर अजून होत्या. त्यांनी त्याला ओळखलं, खिडकीजवळची खाट दिली.

ती मुलगी रागवायला आली ती तिथं. तिला भाचीनं कळवलं होतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "खोकल्याचं परत सांगा." त्यानं सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, म्हणाली, "पेल्याचं सांगा." असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी तो डोळे मिटायचा आणि मांडीवरची बोटं हलायची, आणि प्रत्येक वेळी तो तेवढंच सांगायचा. एक शब्द जास्त नाही. मी असते तर तिसऱ्या वेळेला कुठंतरी एक उसासा घातला असता.

शेवटच्या वेळी मी नव्हते. भाची औषधं आणायला खाली गेली होती. खाटेशी ती मुलगी एकटी होती. तिनं मला नंतर तिच्या फोनवर ऐकवलं, म्हणून हे सांगू शकते. आधी तिचा आवाज येतो, जोरात, त्याला ऐकू जावा म्हणून: "आजोबा, आता तुम्ही बोला. भाचीसाठी, बाईंसाठी, कोणासाठीही. मी जपून ठेवते." मग तो म्हणतो, "आधी पंखा बंद कर." बटणाचा आवाज. पंखा हळू होत जातो, थांबतो. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. त्याचा श्वास आहे, लांब कुठंतरी ढकलगाडीची चाकं, खाटेचं लोखंड एकदा वाजतं. मी घड्याळ लावून पाहिलं, जवळजवळ चार मिनिटं. मुलीला वाटलं झोप लागली. मी ती चार मिनिटं दोनदा ऐकली आणि मला माझ्या खुर्चीची करकर ऐकू येईल असं वाटत राहिलं.

त्यात त्यानं कोणाला निरोप दिलेला नाही, माझ्यासाठी नाही, भाचीसाठीही नाही. चार मिनिटं संपता संपता घसा खाकरल्याचा आवाज येतो, आणि तो त्या मुलीला म्हणतो, "आलं असेल नीट, तर दोन ठेव."